आखूड शब्दांचा लांब इतिहास



अभियांत्रिकी शिकवणाऱ्या माणसाने इतिहासावर टिपण का लिहावे, असे तुम्हाला वाटेल. कारण साधे आहे. दर सत्राच्या शेवटी माझ्या टेबलावर प्रकल्प अहवालांचा गठ्ठा येतो. लाल पेन हातात घेतले, की सर्किट किंवा प्रोग्रॅम तपासण्याआधी मी भाषेवरच अडखळतो. इंग्रजी 'यू' हा तीन अक्षरी शब्द एका अक्षरात उरकलेला असतो. 'प्लीज'च्या जागी 'पी-एल-झेड' असते आणि 'ग्रेट'च्या जागी 'जी-आर' लिहून पुढे आठाचा आकडा. वाक्याच्या सुरुवातीला मोठे अक्षर नाही, शेवटी पूर्णविराम नाही, आणि जिथे काहीच नको तिथे तीन उद्गारचिन्हे.

बरीच वर्षे मी या सगळ्याला आळस म्हणत आलो. वर्गात टोमणेही मारले. मग एकदा संदेशवहनाच्या विषयाची तयारी करताना तारायंत्राचा इतिहास वाचनात आला आणि माझी तक्रार तितकीशी पक्की राहिली नाही. पूर्ण गेली असे नाही, पण तिचा रोख बदलला. तो कसा बदलला, हे या टिपणात सांगायचे आहे. वाचताना तीन प्रश्न मनाशी ठेवा. संक्षेप कोणत्या अडचणीतून जन्माला येतात? अडचण संपली तरी ते का टिकतात? आणि त्यांतले कोणते खरोखर घातक असतात, कोणते नुसते डोळ्यांना खुपतात?

१. संक्षेप ही आजची गोष्ट नाही

आपल्या घरातल्या जुन्या पत्रांपासून सुरुवात करू. आजोबांच्या पेटीत एखादे पोस्टकार्ड सापडले तर वर 'ती. बाबांस' असे असेल आणि पुढे 'सा. न. वि. वि.'. म्हणजे 'तीर्थरूप' आणि 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष'. त्याखाली 'चि.', 'सौ.', शेवटी राहून गेलेली गोष्ट सांगणारे 'ता. क.', आणि पत्त्यात 'मु. पो., ता., जि.'. ज्या पिढीने आपल्या व्याकरणावर डोळे वटारले, तिच्याच पत्रांत हे सगळे होते. पोस्टकार्डावर जागा थोडी, आणि नमस्काराचे शब्द ठरलेले. जे ठरलेले असते ते आधी आखडते. हा नियम ध्यानात ठेवा, तो पुढे पुन्हा पुन्हा भेटेल.

दुसरे उदाहरण जगभर बोलल्या जाणाऱ्या 'ओके'चे. १८३०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत बॉस्टनच्या वृत्तपत्रांत एक टूम आली होती. नेहमीच्या शब्दसमूहांची मुद्दाम चुकीची स्पेलिंगे करायची आणि त्यांची आद्याक्षरे छापायची. 'ऑल करेक्ट' म्हणजे 'सगळे बरोबर' या शब्दांची आद्याक्षरे खरे तर 'ए' आणि 'सी'. गमतीत ती 'ओ' आणि 'के' झाली. २३ मार्च १८३९ च्या 'बॉस्टन मॉर्निंग पोस्ट'मध्ये हा संक्षेप छापलेला सापडतो. पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत मार्टिन व्हॅन ब्युरेन यांच्या समर्थकांनी तो त्यांच्या टोपणनावाशी, म्हणजे 'ओल्ड किंडरहूक'शी जोडला. व्हॅन ब्युरेन निवडणूक हरले, 'ओके' मात्र राहिले. विसाव्या शतकात ॲलन वॉकर रीड या भाषा अभ्यासकाने जुनी वृत्तपत्रे चाळून हे मूळ शोधून काढले.

म्हणजे पाहा, 'सगळे बरोबर' असे सांगणारा शब्द मुळात एक हेतुपुरस्सर केलेली चूक होती. आज परीक्षेच्या उत्तरपत्रिकेवर मीही तो लिहितो.

२. शब्दाला पैसे पडतात तेव्हा

२४ मे १८४४ रोजी सॅम्युअल मोर्स यांनी वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला तारेने संदेश पाठवला. पाठोपाठ तारेचे जाळे पसरले. आपल्याकडे विल्यम ओशॉनेसी यांनी १८५० मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर अशी प्रायोगिक तार टाकली आणि त्याच दशकात ही सेवा लोकांसाठी खुली झाली. जुलै २०१३ मध्ये भारतातली तारसेवा बंद झाली. तुमच्यापैकी बहुतेकांनी तार हातात घेतलीही नसेल.

तारेचे भाडे शब्दांवर असे. पत्रात दहा ओळी जास्त लिहिल्या तरी तिकीट तेच, तारेत मात्र प्रत्येक शब्द मोजला जाई. साहजिकच व्याकरणाला कात्री लागली. क्रियापदे, अव्यये, शिष्टाचाराचे शब्द गळाले. 'आई आजारी, त्वरित निघा' हा तारेचा नमुना आपल्या वाडवडिलांना इतका पाठ होता, की दारात तारवाला दिसला तरी घरात धस्स होई. त्या अपूर्ण वाक्याला कुणी अशुद्ध म्हटले नाही, कारण त्यामागची अडचण सगळ्यांना माहीत होती.

तार पाठवणाऱ्या यंत्रचालकांची भाषा तर आणखी तोकडी. अमेरिकेत १८५९ मध्ये 'वेस्टर्न युनियन' कंपनीने '९२ कोड' नावाची यादी वापरात आणली. तीत नेहमीच्या वाक्यांना आकडे दिले होते. '३०' म्हणजे मजकूर संपला, '७३' म्हणजे शुभेच्छा. १८७९ मध्ये वॉल्टर फिलिप्स यांनी बातम्या तारेने पाठवण्यासाठी हजारो शब्दांचे लघुरूप कोशासारखे छापले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासाठी आजही वापरले जाणारे 'स्कोटस' हे रूप त्या पुस्तकातले आहे. राष्ट्राध्यक्षांसाठीचे 'पोटस' त्याच पद्धतीत नंतर आले.

हौशी रेडिओ चालवणारे लोक निरोप घेताना आजही '७३' म्हणतात. गंमत अशी, की त्यांच्यातही व्याकरणाचे पहारेकरी आहेत. कुणी या आकड्याला इंग्रजी अनेकवचनाचा 'एस' जोडला की ते चिडतात. '७३'चा अर्थच 'शुभेच्छा' असा अनेकवचनी असताना त्याचे पुन्हा अनेकवचन कशाला, हा त्यांचा मुद्दा. व्याकरणाचे नियम झुगारून जन्मलेल्या संक्षेपालाच काही दशकांत स्वतःचे व्याकरण आले. चॅटवरच्या संक्षेपांचेही असेच होते, हे तुम्ही पाहिले असेल. त्यांतही 'असे लिहायचे नसते' म्हणणारा कुणीतरी असतोच.

३. एका टिंबाची किंमत

आता थोडी गंभीर गोष्ट. व्यापाऱ्यांनी तारेचा खर्च वाचवण्यासाठी सांकेतिक कोश बनवले होते. एका शब्दात आख्खे वाक्य बसवायचे. १८८७ मध्ये फिलाडेल्फियाचे लोकरीचे व्यापारी फ्रँक प्रिमरोज यांनी कॅन्ससमधल्या आपल्या दलालाला अशीच तार केली. तीत 'बी-ए-वाय' हा सांकेतिक शब्द होता. त्याचा ठरलेला अर्थ, 'मी खरेदी केली आहे'. वाटेत कुठेतरी 'ए'चा 'यू' झाला. मोर्स लिपीत 'ए' म्हणजे एक टिंब आणि एक रेघ, 'यू' म्हणजे दोन टिंबे आणि एक रेघ. फरक फक्त एका टिंबाचा. दलालाच्या हातात पडला 'बी-यू-वाय', म्हणजे साध्या इंग्रजीत 'खरेदी कर'.

दलालाने आज्ञा पाळली. त्याने सुमारे तीन लाख पौंड वजनाची लोकर घेतली. प्रिमरोज यांना वीस हजार डॉलरहून अधिक फटका बसला. ते तार कंपनीविरुद्ध थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १८९४ मध्ये निकाल लागला आणि त्यांना मिळाले तारेचे भाडे, १ डॉलर १५ सेंट. तारेच्या अर्जामागे अटी छापलेल्या होत्या. संदेश उलट मागवून पडताळायचे जादा पैसे न भरता पाठवलेल्या तारेतल्या चुकीची भरपाई भाड्याइतकीच, असे त्यांत म्हटले होते. न्यायालयाने ती अट मान्य केली. शिवाय सांकेतिक संदेशात किती मोलाचा व्यवहार दडला आहे, हे यंत्रचालकाला कळायला काहीच मार्ग नव्हता.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी या गोष्टीतून एक तत्त्व उचलावे. भाषेत पुनरावृत्ती असते ती निव्वळ अलंकार म्हणून नसते. 'मी काल बाजारातून लोकर खरेदी केली' या वाक्यात एखादे अक्षर चुकले तरी 'मी', 'काल' आणि 'केली' मिळून अर्थ सांभाळतात. सगळे एका तीन अक्षरी शब्दात कोंबले, की सांभाळणारा कुणी उरत नाही. संगणकाच्या संदेशांत आपण चूक ओळखण्यासाठी जादा बिट जोडतो. व्याकरण माणसांच्या संदेशांत काहीसे तेच काम करते.

४. गोठून राहिलेल्या चुका

१९६९ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सचे काम सुरू केले. त्या काळी संगणकाशी संवाद टेलिटाइपवर होई. हे यंत्र सेकंदाला साधारण दहा अक्षरे कागदावर छापी, कळा जड आणि आवाज मोठा. म्हणून आज्ञांची नावे आखूड ठेवली गेली. 'कॉपी'ची 'सीपी', 'मूव्ह'ची 'एमव्ही', 'लिस्ट'ची 'एलएस'. आज तुमच्या हातातला फोनदेखील पापणी लवण्याच्या आत पानभर मजकूर दाखवतो, पण प्रयोगशाळेत तुम्ही अजून 'सीपी'च टाइप करता.

नवी फाइल तयार करण्याच्या एका आज्ञेत 'क्रिएट' या शब्दाच्या शेवटचा 'ई' गाळलेला आहे. युनिक्स पुन्हा बनवायचे झाले तर काय बदलाल, असे विचारल्यावर थॉम्पसन म्हणाले होते, की त्या शब्दाला शेवटचा 'ई' लावीन. हा किस्सा प्रोग्रॅमर मंडळींत प्रसिद्ध आहे.

त्याहून ठसठशीत उदाहरण वेबचे. तुम्ही एका पानावरून दुसऱ्या पानावर गेलात, की ब्राउझर आधीच्या पानाचा पत्ता सर्व्हरला सांगतो. या माहितीच्या नावात 'रेफरर' हा इंग्रजी शब्द आहे. त्याच्या मधोमध दोन 'आर' हवेत. मूळ प्रस्तावात एकच पडला. ही चूक १९९६ च्या मानक दस्तऐवजात तशीच गेली. तोपर्यंत ती असंख्य प्रोग्रॅममध्ये शिरली होती, त्यामुळे दुरुस्त करणे म्हणजे चालते जग बंद पाडणे. पुढे याच विषयावर आलेल्या दुसऱ्या नियमाच्या नावात मात्र स्पेलिंग बरोबर ठेवले. आता प्रोग्रॅमरला एके ठिकाणी चुकीचे आणि दुसऱ्या ठिकाणी बरोबर स्पेलिंग लक्षात ठेवावे लागते. जिथे चुकीचे हवे तिथे बरोबर लिहिले, तर प्रोग्रॅम चालत नाही!

वर्षाच्या चार आकड्यांतले पहिले दोन गाळणे हाही संक्षेपच. ८० रकान्यांच्या छिद्रपत्रिकांच्या आणि महागड्या मेमरीच्या काळात ती शहाणी काटकसर होती. तीच सवय १९९०च्या दशकाच्या शेवटी जगभर डोकेदुखी ठरली, कारण '००' म्हणजे १९०० की २००० हे यंत्राला कळेना. त्या दुरुस्तीच्या कामाने भारतातल्या अनेक सॉफ्टवेअर कंपन्यांना आणि मराठी घरांतल्या कितीतरी मुलामुलींना परदेशी पाठवले. संक्षेपाने घडवलेल्या त्या संकटाला लोकांनी नाव दिले तेही संक्षेपाचेच, 'वायटूके'.

५. इंग्रजीला १६०, मराठीला ७०

आता ज्याला आपण 'एसएमएसची भाषा' म्हणतो तिच्याकडे येऊ. १९८५ मध्ये फ्रीडहेल्म हिलेब्रांड हे जर्मन अभियंते बॉनमधल्या आपल्या घरी टंकयंत्रावर मनात येतील ती वाक्ये टाइप करून त्यांतली अक्षरे मोजत बसले. एक प्रश्न किंवा एक निरोप १६० अक्षरांत सहसा मावतो, असे त्यांना दिसले. मोबाइल जाळ्यात फोन जोडण्याच्या सूचनांसाठी एक वेगळी वाट असते. तिच्यातल्या रिकाम्या जागेतून हे छोटे संदेश पाठवायचे ठरले. पहिला संदेश ३ डिसेंबर १९९२ रोजी ब्रिटनमध्ये गेला, नाताळच्या शुभेच्छांचा.

गणित करून पाहा. एका संदेशाला १४० बाइट, म्हणजे ११२० बिट. रोमन अक्षराला ७ बिट लागतात, म्हणून ११२० भागिले ७, १६० अक्षरे. देवनागरीसाठी मात्र युनिकोडची १६ बिटांची खूण लागते. ११२० भागिले १६, म्हणजे ७०. मराठीत लिहिणाऱ्याला त्याच पैशांत निम्म्याहून कमी जागा मिळत होती.

शिवाय युनिकोडमध्ये काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि पायमोड यांची वेगळी मोजणी होते. 'विद्यार्थ्यांनी' हा शब्द डोळ्यांना चार अक्षरांचा दिसतो, पण त्यात १५ खुणा आहेत. ७० पैकी १५ एका शब्दात गेल्या. तोच शब्द रोमनमध्ये १३ अक्षरांत होतो आणि हाताशी १६० असतात. तेव्हाच्या बहुतेक हँडसेटवर देवनागरी धड दिसतही नसे. आमच्या पिढीने मराठी रोमन लिपीत लिहायला सुरुवात केली ती या हिशेबामुळे. तिला मातृभाषेविषयीची अनास्था म्हणणे अन्यायाचे ठरेल. पण हिशेब बदलल्यावरही ती सवय राहिली, ही आपली जबाबदारी.

'यू'चे एकच अक्षर का, याचेही गणित आहे. जुन्या कीपॅडवर एका कळीवर तीन-चार अक्षरे असत. 'वाय'साठी नऊची कळ तीनदा, 'ओ'साठी सहाची तीनदा, 'यू'साठी आठची दोनदा दाबायची. पूर्ण शब्दाला आठ दाब, एका अक्षराला दोन. मी कॉलेजात असताना मित्रांना असेच लिहीत होतो. विद्यार्थ्यांच्या अहवालातले 'यू' पाहून चिडताना मला ते सोयीस्करपणे आठवत नसे.

हे संक्षेपही वाटतात तितके नवे नाहीत. 'ओ माय गॉड'चा तीन अक्षरी संक्षेप ब्रिटिश ॲडमिरल लॉर्ड फिशर यांनी १९१७ मध्ये विन्स्टन चर्चिल यांना लिहिलेल्या पत्रात आढळतो. लिहिणारे तेव्हा पंचाहत्तरीच्या पुढचे होते. 'आजची पिढी भाषा बिघडवते' या वाक्यातली 'आजची' जरा सांभाळून वापरलेली बरी.

६. खुपणारे आणि घातक

तर मग सगळेच चालते का? नाही. माझ्या तक्रारींची मी दोन गटांत वाटणी केली आहे.

पहिल्या गटात खुपणाऱ्या गोष्टी. 'एटीएम मशीन' म्हणताना 'एम'मध्ये मशीन आलेच आहे. 'पिन नंबर'मध्ये नंबर दोनदा येतो. बँकेच्या अर्जावरच्या 'आयएफएससी कोड'मध्ये 'सी' म्हणजे कोडच. हे ऐकून मला पूर्वी कससे होई. पण आपण 'पिवळा पीतांबर' आणि 'गाईचे गोमूत्र' म्हणतोच ना? संक्षेप रुळला की तो साधा शब्द होतो आणि त्याचे घटक बोलणाऱ्याला दिसेनासे होतात. नुसते 'पिन' म्हटले तर टाचणी आठवेल, म्हणून जीभ 'नंबर' जोडते. कुणाचे काही बिघडत नाही. मी असल्या ठिकाणी लाल पेन वापरणे सोडले आहे.

दुसऱ्या गटात घातक गोष्टी. इथे एकाच खुणेला दोन अर्थ असतात. इंटरनेटच्या वेगात लहान 'बी' म्हणजे बिट, मोठा 'बी' म्हणजे बाइट. सेकंदाला १०० मेगाबिटची जोडणी म्हणजे १२.५ मेगाबाइट. एक हजार मेगाबाइटची फाइल उतरायला उत्तम परिस्थितीतही ८० सेकंद लागतील. 'बी'चा आकार न पाहणारा दहा सेकंदांची अपेक्षा धरून बसेल. लहान 'एम' म्हणजे मिली, मोठा 'एम' म्हणजे मेगा. मिलिवॉट आणि मेगावॉट यांत शंभर कोटी पटींचा फरक आहे. लहान 'के' म्हणजे किलो, मोठा 'के' म्हणजे तापमानाचे केल्व्हिन. देवनागरीत तर लहान-मोठे अक्षर नाहीच, म्हणून मराठीत लिहिताना 'मेगाबिट' की 'मेगाबाइट' हे पूर्णच लिहावे.

'किलो' म्हणजे १००० की १०२४ हा जुना घोळ. १.४४ मेगाबाइटच्या फ्लॉपीत १४,७४,५६० बाइट मावत. तिथे 'मेगा' म्हणजे चक्क १००० गुणिले १०२४, दोन्ही पद्धतींची खिचडी. आज एक टेराबाइटची डिस्क जोडली की काही संगणक ९३१ गिगाबाइट दाखवतात आणि विद्यार्थी म्हणतात, 'सर, दुकानदाराने फसवले.' कुणी फसवलेले नसते. कंपनी दशमान मोजते, संगणक दोनाच्या घातांत. हा गोंधळ मिटावा म्हणून आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगाने १९९८ मध्ये १०२४ साठी 'किबी', 'मेबी', 'गिबी' असे वेगळे उपसर्ग ठरवले. लोकांच्या तोंडी ते अजून फारसे बसलेले नाहीत.

रुग्णालयात हाच घोळ जिवावर बेततो. इन्सुलिनच्या मात्रेपुढे 'युनिट'साठी हाताने लिहिलेला 'यू' शून्यासारखा दिसला, तर मात्रा दहापट होते. म्हणून अमेरिकेतल्या रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या संस्थेने २००४ मध्ये वापरू नयेत अशा संक्षेपांची यादी काढली. हा 'यू' त्यात आहे. 'रोज' आणि 'एक दिवसाआड' यांची लॅटिन आद्याक्षरेही त्यात आहेत, कारण ती एकमेकांसारखी दिसतात.

७. बाहेर कोण राहते

तिसरा गट माझ्या ध्यानात आला तो एका विद्यार्थ्यामुळे.

काही वर्षांपूर्वी मी प्रात्यक्षिकांचे वेळापत्रक फलकावर लावले. एका तासाच्या खोलीपुढे 'टीबीडी' लिहिले. 'नंतर ठरवू' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची ही आद्याक्षरे. घाईत लिहिले आणि विसरलो. त्या दिवशी पहिल्या वर्षाचा एक मुलगा तासाला आला नाही. दुसऱ्या दिवशी मी जरा आवाज चढवूनच विचारले. तो खाली मान घालून म्हणाला, 'सर, टीबीडी लॅब सापडली नाही.' तिन्ही मजले फिरला होता. दहावीपर्यंत मराठी माध्यमातून शिकलेला, गावाकडचा मुलगा.

'अरे, कुणाला तरी विचारायचे,' मी म्हणालो.

'सगळ्यांना माहीत असेल असे वाटले, सर.'

या वाक्याने मला गप्प केले. मुलांच्या 'पी-एल-झेड'वर लाल रेघा ओढणारा मी. पण 'पी-एल-झेड'मुळे कुणी वाट चुकला नव्हता. माझा संक्षेप व्याकरणाच्या कोणत्याही कसोटीवर शुद्ध होता आणि त्यानेच एका मुलाला तासभर जिने चढायला लावले. त्याची हजेरी मी लावली, पण त्याला मनात काय वाटले असेल ते हजेरीपटात दुरुस्त होत नाही.

प्रत्येक व्यवसायाची संक्षेपांची बोली असते आणि ती आतल्यांना जवळ आणते. १९७५ मध्ये स्टॅनफर्डमध्ये राफेल फिंकेल यांनी संगणकवाल्यांच्या अशा शब्दांची यादी सुरू केली. 'जार्गन फाइल' म्हणून ती पुढे गाजली. आतल्या माणसाला ती वाचताना मौज वाटते. पण जी बोली आतल्यांना जवळ आणते, तीच नवख्याला उंबऱ्यावर थांबवते, आणि तो विचारत नाही, कारण विचारणे म्हणजे आपण बाहेरचे आहोत असे कबूल करणे.

इंटरनेटची मानके लिहिणाऱ्या मंडळींनी यावर साधा उपाय केला आहे. त्यांच्या लेखन-नियमांप्रमाणे संक्षेप शीर्षकात आणि मजकुरात पहिल्यांदा येतो तेव्हा त्याचे पूर्ण रूप द्यायचे. सूट फक्त अगदी सर्वपरिचित संक्षेपांना. त्याच मंडळींनी 'करायलाच हवे', 'करावे' आणि 'करता येईल' या अर्थांच्या इंग्रजी क्रियापदांचे नेमके अर्थ १९९७ मध्ये ठरवून दिले. एका क्रियापदाच्या अर्थावरून दोन कंपन्यांची यंत्रे एकमेकांशी बोलतील की नाही हे ठरते. तंत्रज्ञांना व्याकरणाशी काय करायचे, असे म्हणणाऱ्याला हे दाखवा.

८. सारांश

संक्षेप अडचणीतून येतो. पोस्टकार्डाची जागा, तारेचे भाडे, टेलिटाइपचा वेग, संदेशाचे १४० बाइट या त्या त्या काळच्या अडचणी. अडचण जाते, सवय राहते, आणि कधी कधी मानक बनून कायमची गोठते. म्हणून संक्षेप पाहून लगेच 'भाषा बिघडली' म्हणू नका. त्याऐवजी विचारा: याचे दोन अर्थ होतात का? आणि समोरच्याला तो माहीत आहे का? पहिल्याचे उत्तर 'हो' किंवा दुसऱ्याचे 'नाही' आले, तर पूर्ण शब्द लिहा. बाकीच्या ठिकाणी मित्राला 'यू' लिहिलेत तरी माझी हरकत नाही. अहवालात मात्र लिहू नका, तिथे शब्दाला पैसे पडत नाहीत.

माझ्या वेळापत्रकात आता 'खोली नंतर कळवू' असे लिहिलेले असते. तीन शब्द जास्त लागत नाहीत, दोनच लागतात.

स्वाध्याय

१. तुमच्या आवडत्या विषयाच्या पाठ्यपुस्तकातले कोणतेही एक पान घ्या. त्यातले सर्व संक्षेप लिहून काढा आणि पहिल्या वापरावेळी किती उलगडले आहेत ते तपासा.

२. 'परीक्षेचे वेळापत्रक उद्या जाहीर होईल' या वाक्यात युनिकोडच्या किती खुणा आहेत ते मोजा, मोकळ्या जागा धरून. ते ७० च्या मर्यादेत बसते का?

३. घरातले एखादे जुने पत्र मिळवा. त्यातल्या संक्षेपांचे अर्थ घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा आणि ते आखडण्यामागे कोणती अडचण असावी ते चार-पाच वाक्यांत लिहा.

४. तुमच्या वर्गाच्या चॅटमध्ये रोज वापरला जाणारा पण तुम्हाला स्वतःला नीट माहीत नसलेला एक संक्षेप निवडा. त्याचा अर्थ सर्वांसमोर विचारा. किती जणांनी 'मलाही माहीत नव्हते' म्हटले, ते नोंदवा.